शालूच्या लग्नातला चुंबक

आमच्या घरात माणसांवर विश्वास ठेवण्याची पद्धत नव्हती, आणि भांड्यांवर तर नव्हतीच.

वडील, म्हणजे नाना, जळगावच्या एका जिनिंग प्रेसमध्ये कापसाचा माल तपासून घेणारे कारकून होते. वरून पांढरा आणि आतून ओला कापूस शोधण्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे जगातील प्रत्येक वस्तू आतून वेगळीच असते, असे त्यांचे ठाम मत झाले होते. वर्षातून दोनदा कल्हईवाला आमच्या गल्लीत भट्टी लावी. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नयेत म्हणून तो त्यांना आतून कथलाचा हात देई. नाना खुर्ची घेऊन त्याच्या समोर बसत. कथील महाग, शिसे स्वस्त आणि वर विषारी. तेव्हा हा माणूस कथलात शिसे मिसळणार, हे त्यांनी गृहीतच धरलेले असे.

"नाना, माझ्याकडे काय बघता? भट्टीकडे बघा."

"भट्टी चोरी करत नाही."

शेवटी एका वर्षी वैतागून कल्हईवाल्याने भट्टीचा भाताच नानांच्या हाती दिला. नानांनी दिवसभर वारा घातला. त्या वर्षीची कल्हई तीन महिन्यांत उडाली. नानांना भात्याचाही संशय आला!

सरकारने सोन्यासाठी चौदा कॅरेटचा कायदा आणला तेव्हा सारे गाव हळहळले. नाना शांत होते. "सोनार आपल्याला पहिल्यापासून चौदाच देत होता," ते म्हणाले. "आता फक्त ते कायदेशीर झालं."

मी त्यांचा थोरला मुलगा. जळगावच्याच एका दैनिकात उपसंपादक होतो. तेव्हाचे वर्तमानपत्र शिशाच्या खिळ्यांनी छापले जाई. शिशात थोडे कथील आणि अँटिमनी मिसळून ओतलेली अक्षरे हाताने जुळवायची, मग त्यावर शाई आणि कागद. म्हणजे ज्या शिशाला नाना घराचा उंबरठा ओलांडू देत नव्हते, त्याच शिशावर माझा पगार निघत होता. नाना आमचा अंक रोज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि त्यातल्या एकाही ओळीवर विश्वास ठेवत नसत.

सत्तरीचे दशक नुकते सुरू झाले होते. माझ्या धाकट्या बहिणीचे, शालूचे, लग्न धुळ्याच्या देवपुरात ठरले. मुलगा नोकरीला, त्याचे वडील शाळेत विज्ञान शिकवणारे गुरुजी. हुंडा नको, मानपान नको. (नाना तीन दिवस झोपले नाहीत. "काहीच मागत नाहीत म्हणजे मुलात काहीतरी असणार!") अखेर बैठकीत मुलाच्या आजीने, घरात सगळे तिला अक्का म्हणत, एकच गोष्ट मागितली आणि नानांचा जीव भांड्यात पडला.

"भांडा स्टीलना द्या," अक्का तिच्या अहिराणीत म्हणाली. "मना जलम चिंच अन् राखमा गया. पोरीना हात तरी चांगला ऱ्हाऊ देत."

मागणी माफक होती. पितळ घासायला चिंच लागते, राख लागते, वर कल्हईवाल्याची वाट पाहावी लागते. स्टीलला यातले काहीच लागत नाही. बाजारात स्टील नवे होते आणि ज्याच्या घरी ते असे तो पाहुण्याला पाणी देताना पेला जरा जास्त वेळ समोर धरी.

शालूला मात्र घोर लागला. त्या घरची थोरली सून माहेराहून अॅल्युमिनियमची पातेली घेऊन आली होती. आपल्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. लग्नाला तेरा वर्षे झाली, दोन मुले झाली, पण सासरची माणसे पाठीमागे तिला अजून 'जर्मनवाली' म्हणत.

"भाऊ," शालू मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला दागिना एक कमी द्या. पण भांडी नीट बघून घ्या. मला जन्मभर असलं नाव नको."

"शालू, मी पेपरात आहे," मी म्हणालो. "मला कोण फसवणार?"

हे वाक्य मी तेव्हा गंभीरपणे उच्चारले होते, अशी नोंद करणे भाग आहे.

योगायोग असा की त्याच आठवड्यात आमच्या टेबलावर एक मजकूर आला. स्टेनलेस स्टीलच्या नावाखाली हलका माल कसा विकला जातो, यावर मुंबईहून टपालाने आलेले टिपण होते. एका सहकाऱ्याने त्याचे भाषांतर केले आणि तो रजेवर गेला. मी पहिला परिच्छेद वाचला, 'स्टीलची भांडी घेताना सावधान!' असा मथळा दिला आणि मजकूर जुळणीला पाठवला. (उपसंपादक प्रत्येक बातमी शेवटपर्यंत वाचतो, हा वाचकांचा समज आहे. तो आम्ही कधी खोडून काढला नाही.) पान लागत असताना कपाशीच्या बियाण्याची जाहिरात आयत्या वेळी आली. छापखान्याचे फोरमन रामभाऊ खालून ओरडले.

"साहेब, स्टीलवाली बातमी दोन ओळी जास्त होतेय!"

"शेवटच्या दोन काढा!" मी वरून ओरडलो.

बातमीचे शेवटचे वाक्य आता असे उरले: 'भांडे घेण्यापूर्वी त्याला चुंबक लावून पाहावा.'

सकाळी नानांनी ती वाचली आणि आयुष्यात प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिले.

"हे कोणी लिहिलंय?"

"आम्हीच."

"पहिल्यांदा काहीतरी कामाचं छापलंत. चुंबक लावायचा. चिकटला तर खरं, नाही चिकटला तर खोटं. सोपं आहे! स्टील म्हणजे लोखंडच ना शेवटी?"

चिकटला तर काय, हे बातमीत कुठेही नव्हते. पण ते मलाही इतके उघड वाटले की त्याचा विचार करण्याचीही गरज भासली नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून मी एका मोडक्या लाउडस्पीकरचा चुंबक आणला. नाना, मी आणि चुंबक असे तिघे बाजारात निघालो.

भांड्यांचे मोठे दुकान केवलचंद शेठ यांचे. त्यांचे आजोबा मारवाडातून आले होते आणि शेठ तीन भाषा एकाच वाक्यात बोलत. त्यांनी गादीवर बसवले, पाणी दिले. (नानांनी पाण्याचा पेला वर धरून पाहिला.) मग शेठनी ताटे, वाट्या, पेले, परात आणि भलामोठा डबा काढून आमच्यासमोर मांडला.

"पेपरवाले साहेब, हा एक नंबर माल. बहीण नातवंडांना वाढेल यात."

मी खिशातून चुंबक काढून ताटाला लावला. तो घसरून गादीवर पडला. वाटीला लावला, पडला. डब्याला लावला. तो तिथेही पडला आणि नानांनी माझ्याकडे पाहिले. अशा नजरेने ते पूर्वी फक्त ओल्या कापसाकडे पाहत.

"शेठ," मी शांतपणे म्हणालो, "हे स्टील नाही."

"अरे भाऊ, चिकटत नाही म्हणून तर ते चांगलं! चिकटणारा माल हलका."

मी आणि नाना एकमेकांकडे पाहून हसलो. लोखंडाला चुंबक न चिकटणे हा गुण आहे, असे हा माणूस आम्हाला, पेपरवाल्यांना, सांगत होता!

"भगवान कसम, खरं सांगतो!"

"शपथ घेतली," नाना माझ्या कानात म्हणाले. "म्हणजे नक्कीच खोटं."

"चिकटणारं दाखवा," मी म्हणालो.

"ते नका घेऊ. माळ्यावर पडलंय. परत पाठवायचं आहे."

"माळ्यावर का ठेवलंय?" नानांचे डोळे बारीक झाले.

"विकण्यासारखं नाही, म्हणून."

"कोणासाठी राखून ठेवलंय?"

शेठ जितके नको म्हणाले, तितका तो माल आम्हाला मौल्यवान वाटत गेला. नानांच्या हिशेबी ग्राहकाला माल दाखवायला जो दुकानदार तयार नसतो, त्याच्याकडेच खरा माल असतो. अखेर शेठनी नोकराला शिडी लावायला सांगितली. वरून धुळीने माखलेला संच उतरला. चुंबक लावताच टक्कन बसला! परातीला तर असा बसला की ओढून काढावा लागला. नानांना समाधानाने ठसका लागला.

"साहेब, हात जोडतो," शेठ म्हणाले. "हे मी माझ्या बहिणीला नाही देणार."

"तुमच्या बहिणीला जर्मन द्या," नाना म्हणाले आणि संच उचलला.

दुकानाच्या पायरीवरच भांड्यांवर नाव घालणारा बसे. नाव कोरले की भांडे दुकानदार परत घेत नाही, हे जगाला ठाऊक आहे. म्हणूनच घरची माणसे नाव घालण्यापूर्वी भांडे दहादा तपासतात. आम्ही तपासलेच होते! मी त्याला मजकूर सांगितला: 'चि. सौ. कां. शालिनी हिस विवाहप्रीत्यर्थ बंधू वसंत यांजकडून सप्रेम भेट.' तो म्हणाला, वाटीवर एवढे बसणार नाही. मी म्हणालो, बसव. उपसंपादकाला एवढा लांब मजकूर स्वतःच्या नावाने आणि काटछाट न होता कधी मिळतो!

पुढच्या चार दिवसांत भांड्यांच्या बाजारात जे झाले त्याची जबाबदारी आमच्या दैनिकावर येते. गावातला प्रत्येक रेडिओवाला चुंबक भाड्याने देऊ लागला. बायका पदरात चुंबक बांधून दुकानांत शिरत आणि चिकटणारे भांडे मिळाल्याशिवाय बाहेर पडत नसत. केवलचंद शेठच्या माळ्यावरचा उरलेला सगळा माल संपला. पाचोऱ्याहून दोन दुकानदार चिकटणाऱ्या मालाची चौकशी करायला आले.

पाचव्या दिवशी यावलहून एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. 'आपली बातमी वाचून चांगली भांडी परत केली आणि वाईट घेतली. माझा मेहुणा रेल्वेच्या वर्कशॉपात आहे. तो म्हणतो तुम्ही उलटे लिहिले. खुलासा करावा. आपला नियमित वाचक.'

मी छापखान्यात उतरलो. रामभाऊंनी काढलेल्या ओळी उरलेल्या जुळणीत तशाच दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या.

"ह्या घ्या तुमच्या दोन ओळी," ते म्हणाले. "खिळे सोडवून परत खान्यांत टाकणारच होतो."

खिळ्यांवरची अक्षरे उलटी असतात. मी त्या शिशाच्या ओळी उजवीकडून डावीकडे वाचल्या. 'चांगल्या स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमियम आणि पुरेसे निकेल असल्याने त्याला चुंबक चिकटत नाही. चिकटल्यास निकेल गाळलेला, गंजणारा माल समजावा.'

माझ्या डोळ्यांसमोर देवपूर उभे राहिले. गुरुजी विज्ञान शिकवतात. म्हणजे त्यांना हे ठाऊक असणारच. मांडवात ते चुंबक घेऊन येतील, तो टक्कन बसेल आणि शालूला जन्मभराचे नाव पडेल. कदाचित 'चिकटवाली'.

दुसऱ्याच दिवशी अंकात चूकदुरुस्ती छापली. ती चौथ्या पानावर, केळीच्या भावाखाली, डोळ्याला दुर्बीण लावली तर दिसेल अशा अक्षरात होती. (दुरुस्ती नेहमी चुकीपेक्षा लहान छापायची असते, हा आमच्या धंद्याचा नियम.) लग्नाला चार दिवस होते. मी पुन्हा केवलचंद शेठकडे गेलो.

"शेठ, ते न चिकटणारे द्या."

शेठनी दुकानाबाहेर डोकावून रस्ता दोन्ही बाजूंनी पाहिला.

"तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"साहेब, मी शपथा घेतल्या तेव्हा तुम्ही हसलात. चिकटणारं नेलंत. पेपरात छापलंत. आता न चिकटणारं मागता. मी विकलं की उद्या छापणार, केवलचंद न चिकटणारा माल विकतो! मी काय पागल आहे?"

"शेठ, माझी चूक झाली."

"पेपरवाला चूक झाली म्हणतो!" शेठ आणखीच घाबरले. "नक्की काहीतरी आहे यात."

अर्धा तास विनवण्या केल्यावर ते एका अटीवर राजी झाले. मी लिहून द्यायचे. त्यांनी सांगितले तसे मी लिहिले: 'सदर भांड्यांना चुंबक चिकटत नाही, हे मला ठाऊक आहे. शेठजींनी मला कोणताही आग्रह केलेला नाही. मी ही भांडी स्वखुशीने घेत आहे.' खाली सही. शेठनी दोन प्रती करून घेतल्या. एक तिजोरीत ठेवली. दुसरीचे काय केले, ते मी पाहिले नाही. आमच्या घराण्यात एवढा गाफीलपणा पूर्वी कोणी केला नव्हता.

घरी नानांना दुरुस्तीची बातमी दाखवली. त्यांनी ती वाचली, कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"हे शेठने छापून आणलंय," ते म्हणाले.

"नाना, मी छापलंय!"

"मग तुला शेठने काय दिलं?"

आईने मध्ये पडून वाद मिटवला. जुना संच पलंगाखाली ढकलला, नवा रुखवतात मांडला. शालूने दोन्हींकडे पाहिले आणि मला फक्त एवढेच विचारले, "भाऊ, आता हे खरं ना?" मी हो म्हणालो. तिने मान डोलावली. त्या घरात माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती.

लग्नाच्या दिवशी आमच्याच दारातल्या मांडवात मी रुखवताजवळून हललो नाही. सगळे व्यवस्थित होते, तरी संशय रक्तातच! वरपक्षाचा एक म्हातारा परातीजवळ बराच वेळ रेंगाळला. त्याच्या खिशात काहीतरी फुगले होते.

"काय आहे खिशात?" मी विचारले.

"चुन्याची डबी," तो गोंधळून म्हणाला. "लागतोय का चुना?"

मी डबी उघडून पाहिली. चुनाच होता. (तो गृहस्थ मुलाचा मामा निघाला. त्याने पंगतीत माझ्याशी बोलणे टाळले.)

मग अक्का आली. तिच्या मागे गुरुजी, त्यांच्या मागे थोरल्या सूनबाई आणि पंधरावीस बायका. अक्काने कमरेला खोचलेल्या पिशवीतून घोड्याच्या नालेच्या आकाराचा लाल चुंबक काढला. शाळेच्या प्रयोगशाळेतला होता. मी निर्धास्त होतो. मी तर हसतच होतो.

चुंबक ताटाला लागला आणि घसरला. अक्काने वाटीला लावला. घसरला. डब्याला लावला. तिने चुंबकाकडे पाहिले, मग नानांकडे.

"चिकटत नही!" अक्का म्हणाली. "बठ्ठा भांडा खोटा शेतस!"

मांडवातली सनई मध्येच थांबली.

"अक्का, चिकटत नाही म्हणूनच ती चांगली आहेत," मी म्हणालो. बोलता बोलता मला जाणवले की हे वाक्य मी कुठेतरी ऐकले आहे.

गुरुजी पुढे आले. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाशी बोलावे तसे ते समजुतीने बोलले. "अहो, चुंबक लोखंडाला आकर्षून घेतो, हे मी पाचवीला शिकवतो. शिवाय तुमच्याच पेपरात आलं होतं. नवं नातं जोडलं म्हणून आम्ही तुमचा पेपर सुरू केला. अक्काला मी वाचून दाखवलं."

"ती बातमी चुकीची होती, गुरुजी."

"कोनी लिखं व्हतं?" अक्काने विचारले.

"आम्हीच. म्हणजे... मी."

"मंग तू तवय खोटं बोलना, का आते खोटं बोली ऱ्हायना?"

मी धावत जाऊन दुरुस्तीचा अंक आणला. गुरुजींनी चष्मा पुसून केळीच्या भावाखालचा मजकूर शोधला, वाचला, मग अंकाची तारीख पाहिली.

"चार दिवसांपूर्वीची! लग्नाच्या तोंडावर, वधूच्या भावाच्या पेपरात, वधूच्या भावाला सोयीची दुरुस्ती!"

"मी तेच म्हणत होतो!" नाना म्हणाले. (आमचे नाना!)

एवढ्यात थोरल्या सूनबाईंनी डब्याचे झाकण काढले. त्यांच्या चेहऱ्यावर तेरा वर्षांत प्रथमच उजेड पडला होता. आत शेवेचे लाडू होते आणि लाडवांच्या तळाशी घडी केलेला कागद. शेठनी दुसरी प्रत मालाबरोबरच पाठवली होती! आईने वरून लाडू भरताना ती किंमत लिहिलेली चिठ्ठी समजून तशीच ठेवली होती. गुरुजींनी चिठ्ठी मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचली.

"'सदर भांड्यांना चुंबक चिकटत नाही, हे मला ठाऊक आहे...' खाली सही. तुमचीच ना?"

"माझीच."

"'स्वखुशीने घेत आहे.' हे तुमचेच शब्द?"

"शेठचे. पण मी लिहिले."

शंभरेक माणसे माझ्याकडे बघत होती. नवरदेव मुंडावळ्यांच्या आडून बघत होता. भटजी घड्याळाकडे बघत होते. कोणीतरी हळूच म्हणाले, "मुहूर्त टळतोय," आणि कोणीतरी त्याहून हळू, पण मला ऐकू जाईल असे, म्हणाले, "मुलगीही तपासून घ्या."

तेव्हा आतल्या खोलीच्या दारात शालू उभी राहिली. जरीची साडी नेसलेली, हातात हिरव्या बांगड्या, डोळे भरलेले, पण आवाज स्वच्छ.

"अक्का," ती म्हणाली, "माझा भाऊ खोटं छापेल. पण खोटं बोलणार नाही."

माझ्या चारित्र्याचे इतके अचूक वर्णन नंतरच्या तीस वर्षांत कोणी केले नाही. मांडव हसला. अक्कासुद्धा हसली, पण चुंबक तिने हातातून सोडला नाही. आणि आता नानांना राहवले नाही. ते घरात जाऊन पलंगाखाली शिरले आणि जुना संच ओढत बाहेर घेऊन आले.

"हा आमचा खरा संच! ह्याने लपवून ठेवला होता!"

टक्. परातीला बसला. टक्. ताटाला बसला. अक्काने चुंबक वाटीला लावून वाटीच हवेत उचलली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"आते चिकटना! हाई खरं शे. पोरंहो, बठ्ठा हाई भरा गाडीमा."

"अक्का, ती गंजतील!" मी म्हणालो. "मी सांगतो, पावसाळ्यात गंजतील!"

"याला पंगतीकडे न्या," नाना कोणाला तरी म्हणाले.

लग्न लागले. पाठवणीच्या वेळी शालू माझ्या गळ्यात पडली. सगळ्यांना वाटले ती रडते आहे. ती कानात विचारत होती.

"खरंच गंजतील?"

"आषाढात नक्की."

"मग हा दुसरा संच विकू नका. आणि तिकडे काही लिहू-बोलू नका. माझ्यावर सोडा."

सासरी पोचल्यावर तिने पहिल्याच आठवड्यात अक्काला सांगून टाकले: भाऊ म्हणतो ही भांडी आषाढात गंजतील, मला विचाराल तर तो बरोबर आहे, पण तुम्ही निवडलीत म्हणून मी हीच वापरीन. अक्का म्हणाली, बघू. घरात पैज लागल्यासारखे झाले. शालू रोज भांडी घासून, पुसून, उपडी ठेवी. निष्काळजीपणाने गंजली, असे कोणी म्हणायला जागा नको. आषाढ लागला. लिंबाच्या लोणच्याच्या वाटीला आधी तांबूस ठिपका आला, मग ताटांच्या कडांना, मग परातीच्या तळाशी पाण्याचा जेवढा डाग तेवढा गंज. सगळ्यात आधी गंज धरला तो कोरलेल्या अक्षरांनी. 'सप्रेम भेट' लांबून वाचता येऊ लागले.

गुरुजींचे पोस्टकार्ड आले. वळणदार अक्षरात एकच ओळ होती: 'दुसरा संच शिल्लक असल्यास घेऊन यावे.'

मी तो बोचक्यात बांधून धुळ्याच्या एस.टी.त बसलो. अंगणात अक्का वाटच पाहत होती.

"पेपरवाला उना!" तिने आत हाक दिली. मग लाल चुंबक काढला, ताटाला लावला. तो घसरून तिच्या मांडीवर पडला. अक्काने ताट कपाळाला लावले.

शालूला त्या घरात कोणतेही नाव पडले नाही. उलट, काहीही विकत घ्यायचे असले की अक्का आधी तिला विचारी, आणि पुढे तर थोरल्या सूनबाईंना कोणी 'जर्मनवाली' म्हटले की शालू त्या माणसाच्या पुढ्यात गंजलेली वाटी आणून ठेवी. ते नावही हळूहळू बंद झाले. गुरुजींनी पाचवीच्या धड्यात स्वतःच्या हाताने एक वाक्य वाढवले.

माझ्याविषयी म्हणाल तर व्याह्यांनी राग धरला नाही. त्यांनी आमचा पेपर कधीच बंद केला नाही. ते आजही तो रोज शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, जे छापले असेल त्याच्या बरोबर उलट वागतात, आणि गेल्या कित्येक वर्षांत आपण एकदाही फसलो नाही, असे भेटेल त्याला माझ्यादेखत अभिमानाने सांगतात.